वाटणीपत्रावर सही कुणाकुणाची?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एखाद्या गावाची लोकसंख्या जनगणनेत ५,००० पर्यंत पोचली की त्या गावाला स्वतःचं स्कूल बोर्ड, म्हणजे शाळा चालवणारं मंडळ, काढता येतं. खटपट फार नाही. सिटी कौन्सिलची बैठक भरते, ठराव होतो, बोर्डावर पाच जणांची नेमणूक होते, आणि कालपर्यंत ज्या शाळा काउंटीच्या होत्या त्या गावाच्या व्हायला लागतात. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं प्रकरण, लोकसंख्येने मात्र बऱ्याचदा तालुक्याहूनही लहान. मतदारांचा कौल घ्या, असं कायदा कुठे म्हणत नाही. मेक्सिकोच्या आखातावरचं गल्फ शोअर्स हे पर्यटकांवर चालणारं गाव बाल्डविन काउंटीच्या शाळाव्यवस्थेतून असंच बाहेर पडलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये कौन्सिलने ठराव केला आणि २०१९ मध्ये गावाची स्वतःची शाळाव्यवस्था सुरू झाली.

गंमत अशी की याच राज्यात एखाद्या काउंटीतली दारूबंदी उठवायची असेल तर मतदान घ्यावं लागतं. शाळांसाठी घरपट्टी वाढवायची तरी बहुतेक वेळा लोकांपुढे जावं लागतं. आपल्याकडे ‘उभी बाटली की आडवी बाटली’ म्हणून वॉर्डातल्या बायका रांगेत उभ्या राहतात, तसंच. बाटलीला मत लागतं, पट्टीला मत लागतं. शाळा कुणाच्या आणि त्यांत कुणाची पोरं बसणार हे ठरवायला मात्र पाच-सात माणसांची एक संध्याकाळ पुरते.

त्यामुळे ‘आधी मतदारांची मंजुरी, मग बोर्ड’ या मागणीला माझा पाठिंबा आहे. पण ही मागणी ज्या रूपात पुढे येते त्या रूपात ती अर्धीच आहे, आणि अर्धी मागणी पुरी झाली की उरलेली कुणी ऐकूनच घेत नाही, म्हणून हा लेख.

गावाकडे एकत्र कुटुंबाची जमीन वाटायची झाली की तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली अर्ज जातो. त्याला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. एक भाऊ अडून बसला तर मामला दिवाणी कोर्टात. वेगळं निघणाऱ्याने आपल्या ओसरीवर बसून ‘मी निघालो, विहीर माझी’ असं लिहून खाली सही ठोकली, तर त्या कागदाला कुणी वाटणीपत्र म्हणत नाही. त्याच्या बायकापोरांनी एकमताने सह्या केल्या तरी म्हणत नाही. अमेरिकेतल्या शाळांच्या वाटणीत नेमका हाच कागद वाटणीपत्र म्हणून खपतो. आणि ‘मतदारांची मंजुरी’ म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या कागदावर बायकापोरांच्या सह्या.

हे लिहिण्याआधी माझं स्वतःचं सांगते, नाहीतर पुढचं सगळं शहाणपण उसनं वाटेल. मी हंट्सविलशेजारच्या मॅडिसनमध्ये राहते. हंट्सविल म्हणजे नासाचं मार्शल केंद्र, रेडस्टोन आर्सेनल हा लष्करी तळ, आणि त्यांच्या आधाराने आलेले इंजिनिअर. मॅडिसनने १९९८ साली स्वतःची शाळाव्यवस्था सुरू केली. आम्ही घर शोधत होतो तेव्हा छप्पर, पाणी, पाया हे सगळं नंतर. आधी पत्ता टाकायचा, मग तिथल्या शाळेला मिळालेल्या दहापैकी गुणांचा आकडा बघायचा. इथे मराठी माणसं पोह्यांना किंवा गणपतीला जमली की नव्या जोडप्याला पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ असतो आणि दुसरा ‘डिस्ट्रिक्ट कुठलं?’, म्हणजे घर कुठल्या शाळाव्यवस्थेच्या हद्दीत. दुसऱ्याचं उत्तर नीट नसलं की एखादी काकू हळूच सांगते, ‘भाड्याने राहा गं वर्षभर, पण घर तिकडे घेऊ नका.’ यात कुणी दुष्ट नाही. मीही तो आकडा बघूनच घर घेतलं. गावाच्या पश्चिमेला काउंटी लाइन रोड नावाचाच रस्ता आहे. नावातच रेघ. त्या भागात घराच्या जाहिरातीत खोल्यांच्या आधी शाळांची नावं लिहिलेली असतात.

लहान बोर्डाचा फायदा मी रोज घेते, तोही लपवत नाही. बोर्डाची एक सदस्य मला भाजीच्या दुकानात भेटते. बसची वेळ बदलली तर तिला तिथेच विचारता येतं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमभोवतीच्या जेफरसन काउंटीसारख्या हजारो मुलांच्या व्यवस्थेत हे होणार नाही. म्हणून वेगळं निघणारा प्रत्येक गाव वर्णद्वेषी असतो, असं मी म्हणणार नाही. काही जण नुसते वैतागलेले असतात.

पण ही रेघ एवढी महाग का, ते समजायला पैशाची वाट बघावी लागते. इथे शाळांचा मोठा हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येतो. कर ‘मिल’मध्ये मोजतात. एक मिल म्हणजे हजारावर एक. ज्या गावात समुद्रकाठचे टॉवर, मॉल, मोठाली घरं, तिथे एक मिलमध्ये जेवढा पैसा निघतो तेवढा शेजारच्या ट्रेलरवस्तीत दहा मिलमध्येही निघणार नाही. असं गाव काउंटीतून उठलं की फक्त मुलं जात नाहीत, कराचा पाया जातो. मागे राहतं काय? लांबलांबचे बसमार्ग, जुन्या इमारतींची कर्जं, काही ठिकाणी निवृत्त शिक्षकांच्या औषधपाण्याची देणी. ही देणी तर सगळे एकत्र असताना झालेली असतात.

दुसरी गोष्ट कोर्टाची. १९५४ च्या ब्राउन निकालाने शाळांमधली वर्णानुसार विभागणी बेकायदा ठरवली, पण १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की शहराच्या शाळांची वर्णविभागणी मोडण्यासाठी उपनगरांना त्यात ओढता येणार नाही, उपनगरांनी स्वतः काही चूक केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय. डिस्ट्रिक्टची रेघ त्या दिवसापासून जवळजवळ तटबंदी झाली. रेघेच्या आत मुलांची सरमिसळ करता येते, रेघेपलीकडे सहसा नाही. तेव्हा नवी रेघ ओढण्याचा अधिकार हा साधा प्रशासकीय अधिकार राहत नाही. एडबिल्ड या संस्थेने २०१९ मध्ये मोजदाद केली तेव्हा २००० पासून १२८ ठिकाणी असं फुटून निघण्याचे प्रयत्न झालेले होते आणि त्यांतले ७३ तडीस गेले होते.

आता मतदानाकडे. मतदान घेतलं की काम न्याय्य होतं, हा समज ज्याचा असेल त्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या स्कॉटलंड नेकचा इतिहास बघावा. हॅलिफॅक्स काउंटीतलं हे छोटं गाव. काउंटीच्या शाळांत गोरी मुलं साधारण २२ टक्के. सरकारी दबावाखाली शाळांची सरमिसळ होणार हे दिसल्यावर १९६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास या गावासाठी कायदा केला: गावाला वेगळी शाळाव्यवस्था, मात्र गावातल्या मतदारांनी मान्यता दिली तरच. मतदान झालं. बाजूने ८१३, विरोधात ३३२. काय हवंय आणखी? कायदा रीतसर, कौल भरघोस. नव्या व्यवस्थेत गोरी मुलं ५७ टक्के होणार होती. काउंटीतल्या उरलेल्या काळ्या मुलांच्या आईबापांना या ८१३ आणि ३३२ मध्ये जागाच नव्हती, कारण त्यांची घरं गावाच्या हद्दीबाहेर. जून १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही वाटणी रद्द केली. त्याच दिवशी व्हर्जिनियातल्या एम्पोरिया शहराचीही केली, तिथे निकाल पाच विरुद्ध चार असा काठावरचा होता. एम्पोरियात कौन्सिलने ठरवलं होतं, स्कॉटलंड नेकमध्ये लोकांनी. परिणाम तोच, म्हणून निकालही तोच.

तोच प्रकार चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी बर्मिंगहॅमच्या उत्तरेला गार्डनडेलमध्ये झाला. मला तो जास्त शिकवून गेला, कारण तो इतिहासातला नाही, माझ्या घरापासून दीड तासावरचा आहे.

जेफरसन काउंटीवर १९६५ मध्ये एक खटला लागला, तो गार्डनडेलच्या वेळीही चालूच होता. एका काळ्या वडिलांनी आपल्या मुलीच्या वतीने लावलेला, स्टाउट या नावाने ओळखला जाणारा. त्या काउंटीतून माउंटन ब्रूक १९५९ मध्येच वेगळं झालं होतं. नंतर १९७० मध्ये व्हेस्टाविया हिल्स, १९८८ मध्ये हूव्हर, २००५ मध्ये ट्रसव्हिल. ट्रसव्हिलकडे बघून गार्डनडेलमधल्या काही पालकांना वाटलं, आपण का नाही? २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये गार्डनडेलच्या मतदारांनी शाळांसाठी जादा कर स्वतःवर लावून घ्यायला मान्यता दिली, आणि २०१४ मध्ये कौन्सिलने बोर्ड स्थापन केलं. मोहिमेत एक पत्रक वाटलं गेलं. त्यावर एक गोरी मुलगी, प्रश्न असा की गार्डनडेल कुठली वाट धरणार, आणि खाली दोन याद्या. एका यादीत वेगळी व्यवस्था काढणारी गोरी, संपन्न गावं. दुसरीत न काढलेली, जिथे काळी वस्ती वाढली होती ती गावं. पत्रकावर काळा किंवा गोरा असा शब्द नव्हता. गरजही नव्हती. आपल्याकडे ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ अशी पाटी लावणाऱ्याला जे म्हणायचं असतं ते वाचणाऱ्याला कळतं, तसंच.

गार्डनडेलची हायस्कूलची इमारत काउंटीने बांधलेली, २०१० मध्ये उघडलेली, पाच कोटी डॉलरच्या आसपास खर्चाची. ती फक्त गार्डनडेलसाठी नव्हती, आजूबाजूच्या वस्त्यांतली मुलं तिथे यायची. जवळच नॉर्थ स्मिथफील्ड नावाची काळ्या कुटुंबांची वस्ती आहे. वर्णविभागणी मोडण्याच्या कोर्टाच्या आदेशामुळे तिथली मुलं कित्येक वर्षं गार्डनडेलच्या शाळांत येत होती. नव्या योजनेत आधी त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं होतं. मग आरडाओरड झाल्यावर ‘बरं, राहू देत’ असं ठरलं. पण राहणार कसे? पाहुण्यासारखे. ज्या कौन्सिलने बोर्ड नेमायचं त्या कौन्सिलला निवडून देण्यात त्यांचा हात नाही. २०१३ च्या करावर त्यांचं मत नाही. शाळा त्यांच्या मुलांची, पण दार ज्याच्या हातात त्याला ते कधी जाब विचारू शकणार नाहीत.

एप्रिल २०१७ मध्ये न्यायाधीश मॅडेलिन हायकाला यांनी निकाल दिला की या वेगळं निघण्यामागे वर्ण हा हेतू होता. आणि तरीही त्यांनी गार्डनडेलला आधी दोन प्राथमिक शाळा चालवून बघायची परवानगी दिली. हे मला आजही पटत नाही. चोरी सिद्ध झाली, आता अर्धा माल ठेवून घे, असा तो न्याय. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांच्या वरच्या फेडरल अपील कोर्टाने हेतूबाबतचा निष्कर्ष कायम ठेवून परवानगी मात्र काढून घेतली. गार्डनडेलच्या शाळा काउंटीकडेच राहिल्या.

आता विचार करा, अलाबामात ‘मतदारांची मंजुरी हवी’ असा कायदा तेव्हा असता तर गार्डनडेल थांबलं असतं का? मुळीच नाही. तिथल्या लोकांनी स्वतःवर कर लादून घ्यायला हात वर केला होता. बोर्डाला तर कौल आणखी सोपा मिळाला असता. आणि कोर्टात वकिलाने तो कौल पताकेसारखा फडकवला असता: बघा, लोकांची इच्छा. अशा मतदानाने कौन्सिलच्या पाच-सात जणांची जबाबदारी हजारो जणांत वाटली जाते, इतकंच. नॉर्थ स्मिथफील्डच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

मेम्फिसमध्ये तर हे दोन्ही बाजूंनी झालं, म्हणून मेम्फिस मला फार मोलाचं वाटतं. टेनेसीतल्या शेल्बी काउंटीत दोन व्यवस्था होत्या: मेम्फिस शहराची, सुमारे एक लाख मुलांची, बहुतेक काळी आणि गरीब, आणि काउंटीची, उपनगरांतली, तिच्या निम्म्याहून कमी मुलांची. शहराच्या बोर्डाला भीती वाटली की उपनगरं आपली व्यवस्था कायद्याने कुंपण घालून वेगळी करतील आणि काउंटीच्या कराच्या पैशाला शहर मुकेल. मग त्यांनी उलटा डाव टाकला. डिसेंबर २०१० मध्ये बोर्डाने पाच विरुद्ध चार मतांनी स्वतःची सनदच परत करायचं ठरवलं. शहराचं बोर्ड नाहीसं झालं की त्याची मुलं आपोआप काउंटीच्या पदरात. ८ मार्च २०११ ला मेम्फिसच्या मतदारांनी यावर शिक्कामोर्तब केलं, साधारण तीनात दोन जणांनी होकार दिला.

मत कुणी दिलं? फक्त मेम्फिसकरांनी. उपनगरातल्या लोकांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांचा जो जळफळाट झाला तो मला अगदी रास्त वाटतो. रात्रीतून एक लाख मुलं, त्यांच्या शाळा, त्यांची देणी तुमच्या व्यवस्थेत येणार, आणि मतपत्रिका तुमच्याकडे येतच नाही!

मग उपनगरांनी त्याच नाण्यात परतफेड केली. जर्मनटाउन, कॉलियरव्हिल, बार्टलेट, आर्लिंग्टन, लेकलंड, मिलिंग्टन. सहाही गावांनी ऑगस्ट २०१२ मध्ये वेगळ्या व्यवस्थेसाठी मतदान घेतलं. तो कायदा एकट्या शेल्बी काउंटीसाठी बेतलेला होता म्हणून फेडरल न्यायाधीश हार्डी मेझ यांनी ते मतदान रद्द केलं. विधिमंडळाने २०१३ मध्ये तोच कायदा सगळ्या राज्याला लागू केला, आणि १६ जुलै २०१३ ला सहाही गावांनी पुन्हा भरघोस होकार दिला. या खेपेला मेम्फिसला कुणी विचारलं नाही. एकत्र व्यवस्था जुलै २०१३ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सहा गावं आपापल्या शाळा उघडून बसली. एका शालेय वर्षाचा संसार. दोन्ही बाजूंनी लोकशाही मार्गाने, मतपेटीतून, आणि प्रत्येक वेळी ज्याचं घर मोडणार किंवा भरणार त्याला बाहेर उभं करून.

या वाटणीत एक तुकडा असा आहे की तो पाहिल्यावर तत्त्वचर्चा बाजूला राहते. जर्मनटाउन गावात जर्मनटाउन एलिमेंटरी, जर्मनटाउन मिडल आणि जर्मनटाउन हाय अशा तीन शाळा होत्या. त्यांत गावाबाहेरची मुलं जास्त होती, म्हणून वाटणीत काउंटीने त्या स्वतःकडे ठेवल्या. गावाने वेगळं बोर्ड मिळवलं, पण ज्या शाळांच्या दारावर गावाचं नाव होतं त्याच हातून गेल्या. तिथली माणसं त्यांना ‘तीन जी’ म्हणतात. मतपत्रिकेवर ‘जर्मनटाउनची शाळाव्यवस्था असावी का’ असं विचारलं होतं. कुठल्या इमारती येणार आणि कुठल्या जाणार, हे नंतरच्या तडजोडीत ठरलं. मला वाटतं, हा त्या मतदानाचाच दोष होता. आधी लग्न लावलं आणि मग याद्या केल्या.

माझं म्हणणं असं: मतदान हवंच, पण मोजणी दोन डब्यांत हवी. निघणाऱ्या गावाचा एक डबा, उरलेल्या काउंटीचा दुसरा. दोन्हीत बहुमत मिळालं तरच बोर्ड. ही काही माझी कल्पनाविलासाची गोष्ट नाही. न्यूयॉर्क राज्यात काउंटीची सनद बदलायची तर शहरातले आणि शहराबाहेरचे मतदार वेगवेगळे मोजायचे, असा नियम होता. नायगारा काउंटीतून तो सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७७ च्या लॉकपोर्ट निकालात कोर्टाने तो उचलून धरला. याच्या उलट टोकाला पिट्सबर्ग. अ‍ॅलेघेनी नावाचं शेजारचं शहर पिट्सबर्गला जोडायचं होतं तेव्हा दोघांची मतं एकाच ढिगात मोजली. अ‍ॅलेघेनीकरांचा नकार मोठ्या शहराच्या होकारात बुडून गेला, आणि १९०७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, राज्याला हे करता येतं. म्हणजे एकच ढीग केला तर मोठा लहानाला गिळतो, आणि फक्त निघणाऱ्याचा ढीग केला तर श्रीमंत गरिबाला टाकून जातो. दोन डबे केले की निदान दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं.

इथे माझ्या घरातूनच एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. नवरा म्हणतो, ‘मग गोव्याचं काय? १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्राला कुठे विचारलं होतं? फूल की दोन पानं, हे गोवेकरांनी ठरवलं. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, बाजूने १,३८,१७०. विषय संपला.’ खरं आहे. आणि मला वाटतं तिथे तेच बरोबर होतं. पण गोवा महाराष्ट्राच्या तिजोरीतून हिस्सा काढून निघत नव्हता. आहे तिथेच राहायचं की दुसऱ्याच्या घरात जायचं, एवढाच प्रश्न होता, आणि स्थळाला नकार द्यायला मुलीला सासरची परवानगी लागत नाही. गल्फ शोअर्स किंवा जर्मनटाउन निघतात तेव्हा सामाईक पैशाने बांधलेली इमारत घेऊन निघतात. हिशोब तिथे सुरू होतो.

दुसरा आक्षेप गल्फ शोअर्सवाल्यांचा, आणि तो सगळ्यांत अवघड. मार्च २०१५ मध्ये बाल्डविन काउंटीत शाळांसाठी कर वाढवावा का, असं मतदान झालं आणि काउंटीने तो मोठ्या फरकाने नाकारला. गावं म्हणाली, आम्हाला चांगल्या शाळा हव्यात, तुम्हाला पैसे द्यायचे नाहीत, मग आम्हाला का बांधून ठेवता? याला ‘सगळे एक आहोत’ छापाचं उत्तर देऊन भागत नाही. जो भाऊ विहिरीच्या दुरुस्तीला वर्गणी देत नाही त्याने दुसऱ्याला वेगळं निघू द्यायचं नाही, ही दादागिरीच. दोन डब्यांचा नियम अशा काउंटीच्या हातात नकाराधिकार देतो, हे मला मान्य आहे.

म्हणून दुसरा डबा ‘नाही’ म्हणाला की गोष्ट संपली, असं नको. प्रकरण राज्याच्या शिक्षण मंडळापुढे जावं, आणि मंडळाने अटी घालून निकाल द्यावा. वाटणीत एक भाऊ सही करत नाही म्हणून दुसरा जन्मभर अडकत नाही, कोर्ट हिस्से पाडून देतं. विहीर सामाईक ठेवायची तर पाण्याच्या पाळ्या लावून देतं. इथे पाळ्या म्हणजे काय? नॉर्थ स्मिथफील्डसारख्या वस्त्यांतली मुलं ज्या शाळेत आज जातात तिथेच राहतील, आणि त्यांच्या आईबापांना त्या बोर्डाच्या निवडणुकीत मत असेल, म्हणजे बोर्ड नेमलेलं न राहता निवडून आलेलं असेल. काउंटीने घेतलेल्या इमारतीच्या कर्जाचा हिस्सा गाव घेऊन जाईल. कराच्या उत्पन्नातली तूट काही वर्षं टप्प्याटप्प्याने भरून देईल. आणि जिथे जुना वर्णविभागणीचा खटला चालू आहे तिथे मतदान कितीही भरघोस होवो, शेवटचा शब्द कोर्टाचा. ८१३ विरुद्ध ३३२ ने घटना बदलत नाही.

‘आम्ही निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत, प्रत्येक गोष्ट लोकांना कशाला विचारायची,’ असं म्हणणारेही आहेत. एरवी मी त्यांच्या बाजूची. बसचं कंत्राट, गणिताचं पुस्तक, मुख्याध्यापकाची नेमणूक, यांवर जनमत घेणं हा पोरखेळ. पण कौन्सिलचे सभासद गावातल्या लोकांचे प्रतिनिधी आहेत. गावाबाहेरच्या ज्या मुलांचं दप्तर ते हलवतात, त्यांच्या आईबापांचे ते कुणीच नाहीत. प्रतिनिधित्वाचा मुद्दा ते ज्यांच्याविरुद्ध वापरतात, त्यांचंच प्रतिनिधित्व त्यात नाही.

आपल्याकडेही हद्दी बदलतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, मग त्यांतल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांना बाहेर काढून त्यांची नगरपरिषद करायचं ठरलं. आत घेताना किंवा बाहेर काढताना मतपेटी कुठेच ठेवली नाही. झेडपीची शाळा पालिकेची झाली काय आणि न झाली काय, पालकांना कळेपर्यंत गणवेशाचा रंग बदलायची वेळ येते. तरी आपल्याकडे शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार राज्य उचलतं, त्यामुळे हद्दीची रेघ अमेरिकेइतकी जीवघेणी होत नाही. हा फरक लक्षात ठेवलेला बरा, नाहीतर इथली मागणी तिथे जशीच्या तशी नेणारे निघतात.

उरली मतपत्रिका. तिच्यावर ‘वेगळं बोर्ड हवं का’ एवढीच ओळ असेल तर ते मतदान म्हणजे कोऱ्या कागदावर सही. त्या ओळीखाली लिहिलेलं असावं: कुठल्या इमारती कुणाकडे, कर किती मिलने वाढेल, काउंटीच्या उरलेल्या प्रत्येक मुलामागे किती डॉलर कमी होतील, आणि आज या शाळेत येणारी किती मुलं उद्या येऊ शकणार नाहीत. हे आकडे मोजायला कठीण नाहीत. मोहीम चालवणाऱ्यांकडे ते असतातच, फक्त पत्रकावर नसतात.

आणि तारीख. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला जो माणूस येतो तो अधल्यामधल्या मंगळवारी कामावरून सुटून येत नाही, मग तो कौल हवा असणारेच तेवढे येतात. गार्डनडेलचं करमतदान १२ नोव्हेंबर २०१३ ला झालं, सार्वत्रिक निवडणूक नसलेल्या वर्षातला एक मंगळवार. मेम्फिसचं ८ मार्चला, तोही मंगळवार. सहा उपनगरांचं १६ जुलैला, पुन्हा मंगळवारीच. त्या दिवशी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती.